चहापाण्याचा हिशेब



१९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी आली. घेणारा एकच, दुसरीकडे विकायला बंदी. ग्रेडरच्या तोंडून निघेल ती कापसाची प्रत. इंग्रज गेला, पण साहेबाच्या शब्दावर अडणारा कारभार राहिला, हे आपण नेहमीच बोलतो.

आज आम्हाला आपल्याच अंगणातले बोलायचे आहे. ग्रेडरच्या हातावर नोट कोणी ठेवली? आपणच. गाडी पुढे सरकली की पारावर फुशारकीने सांगितले, "काम करून घेतले." मागच्या गाडीतला तसाच कापूस खालच्या प्रतीत गेला, त्याचे कोणाला काही वाटले नाही. तोही आपलाच गाववाला होता.

पुढे ती मक्तेदारी उठली. फेरफार आणि वीजजोडणी आहेतच. तिथल्या लाचेलाही आपण 'चहापाणी' म्हणतो. २०१८ च्या कायदादुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली तर ७ दिवसांत कळवावे लागते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४.

एकटा माणूस भितो, सातबारा त्यांच्याच हातात असतो ना! म्हणून फेरफाराच्या अर्जाची पोच मागायला १० जणांनी मिळून जायचे. कोणाचे काय अडले आहे, ते पुढच्या बैठकीला लिहून आणा.