परतीच्या तारखेची चिठ्ठी

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर शाळेच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील जुने पुस्तक हाती आले, की वाचक प्रथम त्याचे मुखपृष्ठ पाहतो. ग्रंथपाल मात्र शेवटचे पान उलटतो. तेथे एक लांबट चिठ्ठी डकवलेली असते आणि तिच्यावर परतीच्या तारखांचे शिक्के एकाखाली एक उमटलेले असतात. महाराष्ट्राबाहेरच्या कितीतरी महाविद्यालयांत मराठी पुस्तकांचे एखाददुसरे कपाट आहे. त्यातील चिठ्ठ्या बहुधा एकच हकीकत सांगतात. प्रारंभी शिक्के दाटीने येतात, पुढे ते विरळ होतात आणि त्यानंतर नुसता कोरा कागद उरतो. त्या शहरांतून मराठी कुटुंबे निघून गेलेली नाहीत. त्यांची मुले त्याच महाविद्यालयांत शिकत आहेत; त्या कपाटापर्यंत मात्र ती पोहोचत नाहीत.

असे कपाट कोणी आकसाने हलवीत नाही. दरवर्षी नवी पुस्तके येतात, जागा तेवढीच राहते, आणि काय तळघरात न्यावे हा प्रश्न ग्रंथपालापुढे उभा राहतो. त्याच्या हाती एकच पुरावा असतो, आणि तो शेवटच्या पानावर असतो. आता बहुतेक ठिकाणी चिठ्ठीचे काम संगणकाने घेतले आहे. परंतु संगणकही शेवटी हेच सांगतो, की अमुक पुस्तक इतक्या वर्षांत किती वेळा बाहेर गेले. पूर्वी एकेक पान उलटावे लागे. आता कळ दाबली की न वाचलेल्या पुस्तकांची यादी तयार होते, इतकाच फरक.

ज्या नगरीत ही शाळा साठ वर्षे उभी आहे, त्या बडोद्याला हा प्रश्न मुळीच नवा नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा निघाल्या, मुले वाचू लागली. आणि शाळा सुटल्यावर गावात वाचण्यासारखे काहीच नसल्यामुळे शिकलेली अक्षरे विसरू लागली. शाळेवर केलेला खर्च अशा रीतीने वाया जाताना पाहून दुसरा एखादा राजा चौकशी समिती नेमून मोकळा झाला असता. महाराजांनी अमेरिकेच्या प्रवासात तेथील ग्रंथालये पाहिली होती. त्यांनी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवनहून विल्यम अॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास १९१० मध्ये बडोद्यास आणले, आपल्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ देऊन मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया घातला आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खाते उघडले. १९११ मध्ये बॉर्डन यांनी ग्रंथपालांना शिकवण्यासाठी वर्ग सुरू केला. १९१२ मध्ये निघालेल्या ‘लायब्ररी मिसलेनी’ या नियतकालिकात इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांना स्थान होते. आज ‘मराठी विभाग कशाला हवा’ असे कोणी विचारले, तर त्याला या नगरीच्या इतिहासातून एवढे एक उत्तर देता येईल.

बडोदे संस्थानच्या या योजनेतील एक कलम विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. गावाला ग्रंथालय हवे असेल तर खर्चाचा एक तृतीयांश वाटा गावकऱ्यांनी उभारावयाचा. मग तेवढाच वाटा पंचायत देई आणि तेवढाच सरकार. अर्थात मागणी आधी आणि मदत मागून. जेथे ग्रंथालय नव्हते, तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरत. पुढे मांडवीत मध्यवर्ती ग्रंथालयाची जी इमारत उभी राहिली, तिच्या ग्रंथसंग्रहाच्या मजल्यांची जमीन काचेची आहे. उजेड वरून खाली झिरपत जावा आणि खालच्या फळीवरील पुस्तकाचे नावही वाचता यावे, हा तिचा हेतू. ज्या पालकांनी ती अद्याप पाहिली नसेल त्यांनी एकदा मुलांना तेथे न्यावे. लक्ष्मी विलास राजवाड्याइतकीच ती पाहण्याजोगी वास्तू आहे.

शाळा संपल्यावर काय, हा महाराजांपुढचा प्रश्न या शाळेच्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे वेगळ्या रूपाने उभा राहतो. शाळेत पुस्तक मुलाकडे येते. बाई कपाट उघडतात, नाव पुकारतात आणि पुस्तक हातात देतात. महाविद्यालयात मात्र विद्यार्थ्याने पुस्तकाकडे जावयाचे असते, आणि तेथे त्याला नावाने ओळखणारे कोणी नसते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला दुहेरी संकोच वाटतो. काय विचारावे हे एक ठाऊक नसते, आणि कोणत्या भाषेत विचारावे हेही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम इंग्रजी, भोवतालचा व्यवहार गुजराती. अशा वेळी तो मुलगा दाराशी घुटमळतो आणि झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतो. तेथे तयार नोट्स मिळतात आणि दुकानदार काही विचारीत नाही. शुल्काच्या पावतीवर ग्रंथालय शुल्काचा रकाना भरलेला असतो; पदवी हाती पडते तरी ग्रंथालयाचे कार्ड कोरेच असते.

हा संकोच केवळ विद्यार्थ्याचा दोष आहे असे म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या ग्रंथालयांनी कपाटांना पुष्कळ काळ कुलपे लावली, आणि त्या कुलपांचे मूळ भीतीत होते. पुस्तक हरवले तर ते आपल्या पगारातून भरावे लागेल, या धास्तीत ज्याने नोकरी केली, तो कपाट उघडे कशाला ठेवील? वस्तुतः केंद्र सरकारच्या वित्तीय नियमांनी दर हजार देवघेवींमागे पाच पुस्तकांची हानी रास्त मानली आहे. वाचनात आलेल्या पुस्तकांपैकी काही हरवणारच, हे सरकारी नियमाने मान्य केले. कित्येक ग्रंथालयांच्या कुलपांना मात्र ही वार्ता फार उशिरा कळली.

ही कुलपे काढण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते शियाली रामामृत रंगनाथन स्वतः प्रथम ग्रंथालयात रमले नव्हते, ही गोष्ट संकोची विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवीत. १९२४ मध्ये त्यांची मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाली. त्या निर्जन, निवांत खोलीचा त्यांना इतका कंटाळा आला, की पुन्हा शिकवावयास जाऊ द्यावे म्हणून ते मागणी करू लागले. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयाचे काम शिकून या, त्यानंतरही वाटले तर परत जा, असे त्यांना सांगण्यात आले. तेथे त्यांनी लहान मुले, कामगार, गृहिणी, सारे ग्रंथालयात सहज वावरताना पाहिले. परतल्यावर गणिताच्या वर्गात जाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्यांनी फळ्या वाचकांना खुल्या केल्या आणि मेजामागे बसण्याऐवजी कपाटांमध्ये उभे राहून वाचकास साहाय्य करण्याची रीत घातली. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाच सूत्रांपैकी दोहोंचा आशय असा, की प्रत्येक वाचकाचे कोठेतरी एक पुस्तक असते आणि प्रत्येक पुस्तकाचा कोठेतरी एक वाचक असतो. दोघांची गाठ घालून देणे हा ग्रंथपालाचा धर्म. १२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

तेव्हा महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या मुलाला पालकांनी प्रथम हे सांगावे, की ग्रंथपालाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याला त्रास देणे नव्हे. त्याची नेमणूकच त्यासाठी झालेली आहे. प्रश्न मोडक्या गुजरातीत वा अडखळत्या इंग्रजीत विचारला तरी चालतो. संदर्भ विभाग याच कामासाठी असतो.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला या विभागाचा लाभ इतरांहून अधिक होतो. पहिल्या वर्षाच्या विज्ञानाच्या वर्गात अध्यापक ‘ऑस्मोसिस’ म्हणतात, ‘इनर्शिया’ म्हणतात, ‘अॅक्सिलरेशन’ म्हणतात. मुलगा गोंधळतो आणि आपल्याला काहीच येत नाही असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात परासरण त्याने शाळेत समजून घेतलेले असते, जडत्वाची उदाहरणे त्याने वहीत लिहिलेली असतात, त्वरणाची गणिते त्याने सोडवलेली असतात. वस्तू ओळखीची असते, तिचे नाव तेवढे नवे असते. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या विषयांचे परिभाषा कोश काढले आहेत. त्यांत इंग्रजी संज्ञेसमोर मराठी शब्द दिलेला असतो. असा एक कोश मेजावर उघडा ठेवून मुलाने पहिले सहा महिने काढले, तर हरवलेली निम्मी हिंमत त्याला परत मिळते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईला सुरू झालेला मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. इंग्रजी पाठ्यपुस्तकातील प्रकरण वाचण्यापूर्वी त्यातील नोंद वाचली तर विषयात शिरणे सोपे जाते. मात्र हे मुलाला कोणीतरी सांगावे लागते. नेमके येथेच माजी विद्यार्थ्यांचे काम येते, कारण हा गोंधळ त्यांनी स्वतः अनुभवलेला असतो.

बाकीच्या सोयी थोडक्यात सांगता येतील. महागडी पाठ्यपुस्तके पुष्कळ ठिकाणी पुस्तकपेढीतून सत्रभर मिळतात. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका बांधून ठेवलेल्या असतात. एखादा ग्रंथ नसेल तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवता येतो, निदान मागणी नोंदवता येते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेत महाविद्यालय सामील असेल, तर विद्यार्थ्याला स्वतंत्र सांकेतिक नाव मिळते आणि संशोधनपत्रिका घरी बसून वाचता येतात. हे नाव आपोआप येत नाही, ते मागावे लागते. त्याच केंद्राच्या ‘शोधगंगा’वर देशभरच्या विद्यापीठांतील प्रबंध कोणालाही खुले आहेत, आणि त्यांत मराठी भाषेतील प्रबंधही आहेत. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय शाळकरी मुलांनाही उपयोगी आहे.

ग्रंथालयांतील कार्यक्रमांविषयी मात्र थोडे स्पष्ट बोलावयास हवे. ग्रंथपाल दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे सारे दिवस येतात आणि जातात. मेजावर पांढरी चादर, पुस्तकांची मांडणी, दीपप्रज्वलन, छायाचित्र. सायंकाळी पुस्तके पुन्हा कपाटात जातात आणि एकाही चिठ्ठीवर शिक्का उमटलेला नसतो. प्रदर्शनात मांडलेले प्रत्येक पुस्तक त्याच दिवशी, त्याच मेजावरून घरी नेण्याची मुभा असावी. मेज रिकामे होत गेले तर प्रदर्शन यशस्वी, मग छायाचित्र नसले तरी चालेल. याहून नव्या विद्यार्थ्यांसाठी सत्रारंभी होणारा ग्रंथालय-परिचयाचा तास अधिक मोलाचा असतो. हजेरी घेत नसल्यामुळे पुष्कळ मुले नेमका तोच चुकवतात.

आता पुन्हा त्या मराठी कपाटाकडे येऊ. भारतात प्रसिद्ध होणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एकेक प्रत प्रकाशकाने कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कनेमारा ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना द्यावी, असा १९५४ चा कायदा आहे. सारेच प्रकाशक तो पाळतात असे नाही. तरीही त्या कायद्यामुळे मराठी पुस्तके हुगळीच्या काठी आणि मद्रासच्या समुद्राजवळही पोहोचली आहेत. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तर सरफोजी राजांच्या काळापासूनचा मराठी हस्तलिखितांचा आणि मोडी कागदांचा ठेवा आहे. मोडी वाचणारे मात्र आता मोजकेच उरले आहेत. पुस्तक फळीवर नेऊन ठेवण्याचे काम राजा करू शकतो, कायदा करू शकतो. ते खाली काढण्याचे काम त्यांच्याने होत नाही.

महाविद्यालयीन ग्रंथालयात पुस्तक मागविण्यासाठी एक साधा अर्ज असतो. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि मागणाऱ्याची सही, इतकाच त्याचा विस्तार. एका मराठी पुस्तकासाठी पाच विद्यार्थ्यांचे पाच अर्ज गेले, तर खरेदी समितीला त्यांची दखल घेणे भाग पडते. पाच मुले ही काही मोठी संख्या नव्हे; या शाळेच्या एका तुकडीतून तितकी मुले एकाच महाविद्यालयात सहज जातात. माजी विद्यार्थ्यांनाही पुष्कळ ग्रंथालये अनामत रक्कम घेऊन सभासद करून घेतात. त्यांनी महिन्याला एक मराठी पुस्तक नेले तरी वर्षाअखेर बारा पुस्तकांच्या नावापुढे नोंद होते आणि ती तळघराच्या यादीतून वगळली जातात.

ग्रंथदानाच्या बाबतीत एक सूचना. घर बदलताना सापडलेली वाळवी लागलेली गाइडे आणि जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा ग्रंथालयाच्या दारात ठेवून येणे याला दान म्हणत नाहीत. आधी ग्रंथपालाला यादी द्यावी, त्याने निवडलेलीच पुस्तके न्यावीत, आणि नकार दिला तर राग मानू नये.

एक पुस्तक मात्र निःशंकपणे नेण्यासारखे आहे. शाळेचा हीरक महोत्सवी ग्रंथ छापून होईल तेव्हा त्याच्या प्रती घरोघरी जातील आणि त्यांतील बऱ्याचशा कालांतराने रद्दीत निघतील. म्हणून दोन प्रती आधीच बाजूला काढाव्यात. एक मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला आणि एक विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयाला समारंभाविना नेऊन द्यावी, आणि पोच म्हणून दाखलनोंदवहीतील क्रमांक लिहून घ्यावा. बडोद्यातील मराठी शाळांचा इतिहास लिहिणारा विद्यार्थी पुढे केव्हातरी येईल, तेव्हा तो तेथेच शोधू लागेल. क्रमांक शाळेच्या दप्तरी नोंदवून ठेवावा, म्हणजे इथे विचारावयास आलेल्याला तो लगेच सांगता येईल.