बोटांनी पाहण्याचे चित्र



चाळीस वर्षे रत्नागिरीत कापड विकताना मी पोत बोटांनीच पारखला. तरीही मागील चित्रप्रदर्शनात ‘हात लावू नये’ ही पाटी मीच लावली. दृष्टी गेलेले एक जुने ग्राहक दाराशीच बसून राहिले.

मुंबईत पार्थो भौमिक यांनी २००६ पासून दृष्टिहीनांना छायाचित्रण शिकविले. त्या विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांच्या उठावदार प्रती प्रदर्शनांत स्पर्शासाठी ठेवल्या गेल्या. अशा चित्रात रेषा मोजक्याच हव्यात. गर्दी झाली की बोट गोंधळते.

आपल्या चित्रकारांनी रत्नदुर्ग असा उठवावा: तटबंदीला जाडीभरडी खादी, समुद्राला साटीन, लाटांना सुतळी. तुकडे माझ्या दुकानातून न्यावेत. पाटी मी काढून ठेवली आहे.