डोक्याला लावायची वीज आणि मुलाची परीक्षा

(पालकांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मल्टिमीटरमध्ये बसते ती नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिची दोन टोके जिभेला लावून झिणझिण्या अनुभवण्याचा उद्योगही काहींनी लहानपणी केला असेल. तशी एक बॅटरी, प्रवाह मर्यादेत ठेवणारे छोटेसे मंडल, दोन तारा आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज एवढ्या सामग्रीतून एक यंत्र तयार होते. ते पट्ट्याने कपाळावर बसवायचे आणि एक ते दोन मिलिअँपिअर इतका मंद प्रवाह वीस मिनिटे डोक्यातून जाऊ द्यायचा. विक्रेता सांगतो की, त्यामुळे एकाग्रता वाढते, वाचलेले लक्षात राहते, गणिते लवकर सुटतात. इंग्रजीत या पद्धतीला ‘ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन’ असे लांबलचक नाव असून ‘टीडीसीएस’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. मराठीत तिला कवटीवरून दिलेले विद्युत्-उद्दीपन म्हणता येईल.

समजा, एका घरात मुलाचे बारावीचे वर्ष आहे. जेईई किंवा नीट डोक्यावर आहे. शिकवणीचे शुल्क भरून झाले आहे, अभ्यासिका लावून झाली आहे, आणि तरीही सराव-परीक्षेतले गुण जागचे हलत नाहीत. अशा वेळी परदेशातला एखादा नातेवाईक या यंत्राची माहिती कळवतो. किंमत दोन-तीनशे डॉलर. शिकवणीच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळच. वडील रात्री उशिरापर्यंत त्याची वर्णने वाचतात आणि सकाळी आईला म्हणतात, ‘मागवून पाहू या का?’ या वडिलांना हसण्याचे काही कारण नाही. अमेरिकेत ज्यांनी अशी यंत्रे विकत घेतली त्यांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. त्यांतले बहुसंख्य लोक चांगले शिकलेले आणि सुस्थितीतले होते. म्हणजे हा भोळ्याभाबड्यांचा नाद नव्हे. म्हणूनच त्याचा विचारही गांभीर्याने व्हावयास हवा.

पहिली गोष्ट ही की, या यंत्रामागे शास्त्र आहे. ते ताईत-गंड्याच्या जातीचे नव्हे. जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठात मिखाएल नित्शे आणि वॉल्टर पाउलस या दोघा संशोधकांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हातापायांच्या हालचालींवर नियंत्रण ठेवणारा मेंदूचा जो भाग आहे, त्यावर त्यांनी बाहेरून एक मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह काही मिनिटे दिला. त्या भागाची उत्तेजित होण्याची क्षमता ४० टक्क्यांपर्यंत बदलली, आणि प्रवाह थांबल्यानंतरही हा परिणाम काही मिनिटे टिकला. प्रवाहाची दिशा उलटी केली तेव्हा परिणामही उलटा झाला. इतका मंद प्रवाह मज्जापेशीला स्वतःहून संदेश पाठवायला भाग पाडत नाही. तो तिला त्या स्थितीच्या किंचित जवळ नेतो किंवा दूर सारतो. त्या एका निबंधानंतर जगभर शेकडो प्रयोग झाले.

मनोरुग्णांना देतात तो ‘शॉक’ हाच काय, अशी शंका अनेकांच्या मनात येते. हे दोन प्रकार सर्वस्वी भिन्न आहेत. ती उपचारपद्धती रुग्णालयात, भूल देऊन, सुमारे ८०० मिलिअँपिअरच्या विद्युत्-स्पंदांनी केली जाते आणि त्यात हेतुपुरस्सर झटका आणला जातो. येथे दोन मिलिअँपिअरचा मामला आहे. (चित्रपटांनी त्या उपचाराची जी भीती समाजात रुजवली आहे, तिने कित्येक रुग्णांना योग्य उपचारांपासून दूर ठेवले, हा एक स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.)

प्रयोगशाळेतली ही गोष्ट बाजारात येण्यास वेळ लागला नाही. संगणकावर खेळ खेळणाऱ्यांसाठी ‘फोकस’ नावाचे शिरोयंत्र २०१३ साली २४९ डॉलरला विक्रीस आले. खेळाडूंसाठी २०१६ साली ‘हेलो स्पोर्ट’ आले. ते आता विकले जात नाही. यंत्राचा मोठेपणा सांगताना विक्रेते प्रयोगशाळांतल्या निबंधांचा दाखला देत होते. परंतु निबंधातले यंत्र आणि खोक्यातले यंत्र एकच असते काय? नेदरलँड्समधील लायडेन विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न विचारला. त्यांनी बाजारातून ‘फोकस’ आणले आणि २४ निरोगी व्यक्तींवर त्याची चाचणी घेतली. माहिती क्षणभर मनात धरून तिच्यावर काम करण्याची जी शक्ती असते, जिला कार्यकारी स्मृती म्हणतात, ती यंत्र चालू असताना सुधारली नाही, उलट खालावली. हा निबंध २०१६ साली छापून आला. एकाच यंत्राच्या लहानशा चाचणीवरून सर्व यंत्रांना दोष देता येणार नाही, हे मान्य. पण जाहिरातीतले वचन तपासायला गेल्यावर हाती नेमके त्याच्या उलट आले, हेही विसरता येणार नाही.

निरोगी माणसांवरील प्रयोगांची एकत्रित छाननी ऑस्ट्रेलियातील जेरेड हॉर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली केली. एका बैठकीत दिलेल्या उद्दीपनाचा बुद्धिव्यापारावर विश्वासार्ह परिणाम त्यांना आढळला नाही. त्यांच्या गणनापद्धतीवर इतर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आणि तो वाद बराच रंगला. परंतु ज्या गोष्टीच्या अस्तित्वाबद्दलच तज्ज्ञांत वाद आहे, ती खोक्यात भरून हमीसह विकली जाते, याला काय म्हणावे?

ऑक्सफर्डमध्ये २०१३ साली झालेला एक प्रयोग पालकांनी विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. तेथे सहभागी व्यक्तींना अंकांसाठी नवीच चिन्हे शिकवण्यात आली. हे शिक्षण काही दिवस चालले. मेंदूच्या एका भागाला उद्दीपन दिलेले लोक ती चिन्हे लवकर शिकले, परंतु शिकलेले सहजपणे, विचार न करता वापरण्यात ते मागे पडले. दुसऱ्या भागाला उद्दीपन दिलेल्यांचे बरोबर उलटे झाले. याचा अर्थ, एका कोठीत भर पडली ती दुसऱ्या कोठीतून काढून. बारावीच्या मुलाला शिकणेही वेगाने हवे आणि परीक्षेच्या तीन तासांत सहजताही हवी. यांतले काय देऊन काय घ्यायचे, हे घरातले कोण ठरवणार?

‘पण आमच्या ओळखीच्या मुलाला फरक पडला,’ असे कोणीतरी सांगतेच. त्याचा अनुभव खोटा असतो असे नव्हे. मात्र प्रयोगशाळेत अशा अनुभवाची परीक्षा कशी करतात, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रवाह सुरू होताना स्पंजाखालच्या त्वचेला खाज सुटते, चुणचुणते; थोड्या वेळात त्याची सवय होते. म्हणून संशोधक निम्म्या लोकांना अर्धा-एक मिनिट प्रवाह देऊन गुपचूप बंद करतात. पट्टा डोक्यावर तसाच राहतो. चुणचुण झालेली असल्याने आपल्याला खरे उद्दीपन मिळाले की लटके, हे बहुधा सांगता येत नाही. या लटक्या उद्दीपनाने देखील लोकांना हुशारी वाटते, मन लागते. खऱ्या उद्दीपनाचा गुण त्याच्या पलीकडे जाईल तितकाच धरायचा. घरी ही तुलना करणार कशी? त्यातच यंत्रासोबत बहुधा स्मरणशक्तीच्या चाचण्या असतात. मुलगा रोज तीच चाचणी देतो आणि गुण चढत जातात. कोणतीही चाचणी पंधरा वेळा दिली की सोळाव्या वेळी गुण वाढायचेच. श्रेय मात्र पट्ट्याला मिळते!

खरी मेख येथे आहे. प्रयोगशाळेतून यंत्र घरी आले, पण त्याच्याभोवतीची राखण तेथेच राहिली. प्रयोगात भाग घेणाऱ्याला आधी फेपऱ्याचा त्रास, डोक्यातील धातू, चालू औषधे यांविषयी विचारतात. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागील उंचवट्यापर्यंत टेपने माप घेऊन स्पंजाची जागा ठरवतात. समोर प्रशिक्षित माणूस बसलेला असतो, बैठका मोजक्या असतात आणि काही बिघडल्यास जबाबदारी घेणारी संस्था असते. घरी यांतले काहीही नाही. मूल प्रयोगाचा विषय होते, परंतु प्रयोगातले कोणतेही संरक्षण त्याला मिळत नाही; आणि त्या प्रयोगाची नोंदही कोणी ठेवत नाही.

हीच चिंता संशोधकांनाही वाटली. २०१६ साली या क्षेत्रातील ३९ संशोधकांच्या स्वाक्षरीचे एक खुले पत्र प्रसिद्ध झाले. घरी स्वतःवर प्रयोग करणाऱ्यांना उद्देशून ते होते. परिणाम स्पंजाखालच्या भागापुरता राहत नाही. प्रवाह चालू असताना माणूस काय करतो यावरही तो अवलंबून असतो. मात्रा किंवा वेळ थोडी बदलली तर तो उलटू शकतो. आणि तंतोतंत त्याच मात्रेला ३० टक्क्यांपर्यंत लोक विरुद्ध प्रतिसाद देऊ शकतात, असे त्यांनी लिहिले. महिनोन्‌महिने रोज पट्टा लावला तर काय होईल, याचा अभ्यास प्रयोगशाळांनी केलेला नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. ज्यांची कारकीर्द याच विषयावर उभी आहे, त्यांनीच हात वर करून ‘थांबा’ म्हणावे, हे वरचेवर घडत नाही.

दुसरी बाजूही सांगावयास हवी. देखरेखीखालील प्रयोगांत हे उद्दीपन बरेच सुरक्षित ठरले आहे. ४ मिलिअँपिअरपर्यंत आणि ४० मिनिटांपर्यंतच्या ३३ हजारांहून अधिक बैठकांत गंभीर इजा नोंदली गेली नाही, असा आढावा २०१६ साली आला. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले की, बाहेरून दिलेल्या प्रवाहाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्वचा, मांस आणि कवटी यांतच अडतो. एका अर्थाने कवटी हे निसर्गाने दिलेले संरक्षण आहे. पण मग उरलेल्या प्रवाहाने बुद्धीत भर पडेल ही अपेक्षाही त्याच प्रमाणात कमी करावी लागते. मुलांच्या बाबतीत हा दिलासा आणखी कमी होतो. मुलांचे डोके लहान आणि कवटी पातळ असल्याने तेवढ्याच प्रवाहाने त्यांच्या मेंदूत प्रौढांपेक्षा तीव्र विद्युत्-क्षेत्र निर्माण होऊ शकते, असे संगणकीय प्रतिमानांतून दिसले आहे. शिवाय कपाळामागचा जो भाग उद्दीपित करायचा म्हणतात, त्याची वाढ विशी ओलांडल्यानंतरही चालूच असते. वर उल्लेखिलेला सुरक्षिततेचा आढावा मुख्यतः प्रौढांचा आहे.

येथे एक घोटाळा हमखास होतो. ‘अमेरिकेच्या सरकारने याला मान्यता दिली आहे,’ असे सांगण्यात येते. डिसेंबर २०२५ मध्ये तेथील औषध-नियामक संस्थेने घरी वापरायच्या अशा एका यंत्राला मान्यता दिली, हे खरे. ती नैराश्याच्या विकारासाठी, प्रौढ रुग्णांसाठी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरण्यासाठी आहे. त्या क्षेत्रातला पुरावाही एकमुखी नाही. जर्मनीतील १६० रुग्णांच्या २०२३ सालच्या चाचणीत खरे आणि लटके उद्दीपन सारखेच ठरले. २०२४ मध्ये ब्राझीलमधील घरगुती उपचारांच्या चाचणीतही फरक दिसला नाही. त्याच वर्षी १७४ रुग्णांच्या दुसऱ्या एका घरगुती चाचणीत मात्र दहा आठवड्यांनी स्पष्ट लाभ दिसला. घरात कोणी खरोखर नैराश्याने ग्रासलेले असेल, तर मनोविकारतज्ज्ञांशी या पर्यायाबद्दल जरूर बोलावे. परंतु आजाऱ्याच्या औषधाची मान्यता निरोगी विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेला चिकटवता येत नाही.

कायदा या प्रश्नाकडे कसा पाहतो? युरोपीय संघाने डिसेंबर २०२२ मध्ये, वैद्यकीय हेतू नसलेल्या अशा उद्दीपन-यंत्रांनाही सर्वाधिक जोखमीच्या वर्गात टाकले. भारतात १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. पण यंत्र ‘वैद्यकीय नव्हे, केवळ स्वास्थ्यासाठी’ असे म्हणून विकले की प्रश्न गुंतागुंतीचा होतो. आपल्याकडील औषध नियमावलीच्या ‘जे’ अनुसूचीत, ज्यांवर गुण येतो असा दावा औषधाने करू नये अशा गोष्टींची यादी आहे. तीत ‘मेंदूची क्षमता वाढवणे आणि स्मरणशक्ती सुधारणे’ ही नोंद आहे. शक्तिवर्धक काढ्यांच्या आणि गोळ्यांच्या अनुभवातून नियम करणाऱ्यांना हे शहाणपण आले असावे. पट्टा डोक्यावर बांधल्याने दाव्याचे स्वरूप बदलत नाही.

तरीही मागवायचे असेल, तर पैसे भरण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी विचारावे. हेच यंत्र वापरून, याच वयाच्या मुलांवर, लटक्या उद्दीपनाशी तुलना करून चाचणी झाली आहे काय? कोठे छापली आहे? त्वचा भाजली किंवा डोकेदुखी जडली तर भारतात जबाबदार कोण? पहिल्या प्रश्नालाच उत्तराऐवजी समाधानी ग्राहकांची पत्रे आली, तर पुढचे प्रश्न विचारण्याचे श्रम वाचतील.

आणि ज्यांच्या घरी यंत्र आधीच येऊन पडले आहे, त्यांनी ते मुलांच्या डोक्याला लावू नये. प्रौढांपैकी ज्यांना फेपरे येते, ज्यांच्या डोक्यात धातूची पट्टी अथवा शरीरात पेसमेकर आहे, जे मनोविकारावरील औषधे घेतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून त्याला हात लावू नये. स्पंज मध्येच सुकला तर प्रवाह त्वचेच्या एखाद्या बिंदूवर एकवटतो आणि तेथे भाजते. कपाळावर खरचटलेले असेल किंवा पुरळ असेल तर लवकर भाजते. जळजळ वाढू लागली की यंत्र लगेच बंद करावे, आणि डाग उमटला तर तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवताना कशाने झाला हे न लाजता सांगावे.