नर्सबाईला धरून दवाखाना सुरक्षित होत नाही

(शिर्डी येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)

एखादीचे बाळंतपण अडले, की तालुक्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी मिळते आणि गाडी नगरच्या जिल्हा रुग्णालयाकडे निघते. रस्ता ऐंशीएक किलोमीटरचा. त्याच रुग्णालयात 6 नोव्हेंबर 2021 रोजी, ऐन भाऊबीजेला, कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. आत 17 रुग्ण होते. त्या दिवशी 11 जण दगावले.

पुढच्या काही दिवसांत अटक कुणाला झाली? एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. त्यांची चूक होती की नाही, हे न्यायालयाने ठरवायचे. माझा प्रश्न वेगळा आहे. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशू कक्षात आग लागून 10 बाळे गेली होती. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करायचे ठरले. नगरलाही तपासणी झाली होती. पण सुचवलेली यंत्रणा पुरती बसवलेलीच नव्हती, असे आगीनंतर पुढे आले. उणीव माहीत होती, ती दूर झाली नव्हती. मग जाब फक्त रात्रंदिवस खाटेजवळ उभी असणाऱ्या बाईनेच द्यायचा का?

दवाखाना कसा आहे हे मोजायची पद्धत सरकारकडे आहे. 2013 पासून त्यासाठी राष्ट्रीय मानके आहेत. प्रत्येक मुद्द्याला शून्य, एक किंवा दोन गुण. माहिती चार मार्गांनी घ्यायची: स्वतः पाहून, कर्मचाऱ्यांना विचारून, नोंदी तपासून आणि रुग्णाला विचारून. 2017 मध्ये खास प्रसूतिकक्षासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला. बाळंतिणीला सन्मानाने वागवावे, तिच्याजवळ तिच्या ओळखीची बाई असू द्यावी, हेही त्यात आहे.

पण तो चौथा मार्ग, रुग्णाला विचारण्याचा, प्रत्यक्षात कसा चालतो? एका सरकारी दवाखान्यात तपासणीच्या दिवशी मी हजर होते. फिनेलचा वास, खाटांवर कोऱ्या चादरी. साहेबांनी एका बाळंतिणीला विचारले, “काही त्रास नाही ना?” शेजारी सिस्टर उभ्या. तिने नुसती मान हलवली. आठ दिवसांनी मी तिच्या घरी गेले तेव्हा ती बोलली. कळा येत असताना तिला चापट मारली होती. औषधेही बाहेरून आणायला लावली होती. खरे तर 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे, तपासण्या, जेवण, गाडी, सगळे मोफत आहे. नंतर हेही कळले, की त्या रात्री ती सिस्टर एकटी दोन वॉर्ड सांभाळत होती. मैत्रिणींनो, यामुळे चापट माफ होत नाही. पण सिस्टर बदलली आणि दोन वॉर्डांना एकच बाई राहिली, तर उद्या दुसरी कुणी मार खाईल.

म्हणून आपल्या गटांनी एवढे तरी करावे. बाळंतीण घरी आल्यावर, सासू आणि सिस्टर दोघी समोर नसताना, तिला विचारावे: कुणी ओरडले का, मारले का, पैसे किती गेले, सोबत कोण होते? तिचे नाव न लिहिता उत्तरे वहीत टिपावीत. रात्रपाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका, हे त्या परिचारिकांनाच विचारावे. त्या आपल्या शत्रू नाहीत. आगीच्या तपासणीचा अहवाल आणि त्यातली किती कामे झाली, हे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली मागावे. हे सगळे घेऊन रुग्ण कल्याण समितीपुढे जावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

आपल्या शिर्डीत देवस्थानचा दवाखाना आहे. तिथे बरे वाटले, की आपण बाबांची कृपा म्हणतो, हात जोडतो. सरकारी दवाखान्याच्या दारातही आपण तसेच हात जोडून उभ्या राहतो. तिथे ही सवय सोडू या. तो आपल्या करातून चालतो. तिथे हिशेब मागायचा असतो.