आवडीचे पदार्थ, हलक्या हाताने
(न्यासाच्या महोत्सवानिमित्त काचीगुडा येथे भरलेल्या महिलांच्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून खिचडी-वड्यांविषयी काय बोलायचे, असे कोणाला वाटेल. पण ज्या घरात कर्त्या माणसाला मधुमेह किंवा रक्तदाब निघतो, त्या घराला हा विषय लहान वाटत नाही. दुसऱ्याच दिवशी त्या माणसाचे ताट वेगळे होते. बाकीच्यांना वडे, त्याला उकडलेली भाजी. चार दिवस तो निमूटपणे जेवतो. पाचव्या दिवशी फिरायला म्हणून बाहेर पडतो आणि कोपऱ्यावरची मिरची-भजी खाऊन येतो. आपण त्याच्या जिभेला दोष देतो. माझ्या मते दोष वेगळ्या ताटाचा आहे. आपल्याच पंक्तीत परक्यासारखे जेवणे कोणाला फार दिवस जमत नाही. तेव्हा पथ्याचे ताट निराळे न मांडता सगळ्या घराचेच ताट थोडे हलके करावे, एवढेच माझे सांगणे आहे.

हे आपल्याला अवघड नाही. आपल्यापैकी पुष्कळांची मुळे नांदेड, परभणी, बीडकडची. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे आपल्या स्वयंपाकघरात ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि बगारा बैंगन एकत्र नांदतात. धिरडी, वरणफळे, ताकाची कढी हे आपले जुने हलके पदार्थच आहेत. मुरमुऱ्यांचा सुशीला घ्या. मुरमुरे भिजवून पिळावेत, कांदा-मिरचीची बेताची फोडणी द्यावी, वर डाळ्याचे कूट पेरावे. दहा मिनिटांत चारचा फराळ तयार!

आहारशास्त्राचे मोठे केंद्रही आपल्याच गावात आहे. १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली संशोधनशाळा १९५८ मध्ये हैदराबादला आली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. भारतीय अन्नपदार्थांत काय आणि किती असते, याची कोष्टके तिनेच तयार केली आहेत.

आता तेलाचा हिशेब पाहू. एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर साधारण ४ उष्मांक देते, तर एक ग्रॅम तेल ९. चहाचा एक चमचा तेल म्हणजे सुमारे ४० उष्मांक. बाटली तिरपी करून फोडणीला तेल ओतले, तर असे किती चमचे गेले ते कळतच नाही. म्हणून पहिला नियम असा, की तेल मोजून घ्यावे. तूपही याच हिशेबात धरावे.

बटाटेवड्याची सारी गोडी आले, लसूण, मिरची आणि कोथिंबिरीच्या सारणात असते. ते सारण नेहमीसारखेच करावे, पीठ जरा घट्ट भिजवावे आणि वडे आप्पेपात्रात थेंब-थेंब तेलावर दोन्ही बाजूंनी खरपूस होऊ द्यावेत. तळलेल्या वड्याची कुरकुर येणार नाही, हे आधीच सांगते. चव मात्र राहते. सणाला तळायचेच झाले तर तेल चांगले तापू द्यावे. कोमट तेलात पदार्थ जास्त वेळ राहतो आणि तेल पितो. सोडाही बेतानेच घालावा, कारण जाळीदार झालेले भजे तेल अधिक ओढते.

मिरची-भजीची हौस पीठ पेरलेल्या मिरच्यांवर भागते. बगारा बैंगनाच्या वाटणात तीळ, शेंगदाणे व सुके खोबरे असतेच. ते कोरडे भाजून वाटले की स्वतःच तेल सोडते. मग वरून पळीभर तेल कशाला? थालीपिठाच्या भाजणीत किसलेला दुधी किंवा मेथी घालावी आणि झाकण ठेवून वाफेवर भाजावे.

साबुदाण्याविषयी स्पष्ट बोलते. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. खिचडीत साबुदाणा निम्मा करून काकडीचा कीस घातला, तूप कमी केले, तरी मधुमेह्याने ती वाटीभरच खावी. औषध किंवा इन्शुलिन चालू असेल त्याने उपवास डॉक्टरांना विचारूनच करावा. गुळाचेही तसेच आहे. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून पदार्थ पथ्याचा होत नाही. पुरणात डाळीइतका गूळ घालण्याची रीत आहे. तो पाऊणपट करून चिमूटभर मीठ आणि पुरेसे वेलची-जायफळ घातले, तर घरात कोणाच्या लक्षातही येत नाही.

मिठाकडे आपले फार दुर्लक्ष होते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहूनही थोडे कमी मीठ सांगते. लोणचे, पापड आणि चटणी तिन्ही एका ताटात आली की ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. एका वेळी एकच वाढावे. लिंबू आणि चिंचेच्या आंबटपणाने मिठाची उणीव बरीच भरून निघते.

काही पदार्थांचा जीवच तुपात असतो. चिरोटे, अनारसे हलके करू गेलो तर ते ते राहत नाहीत. असे पदार्थ सणालाच करावेत, अस्सल करावेत, आणि एकच खावा. त्या एकाची गोडी अधिक लागते.

भगिनींनो, बदल एकदम करू नका. या महिन्यात तेल, पुढच्या महिन्यात मीठ, अशी पावले टाका. पुरुष मंडळींनीही वाढताना आग्रह आवरावा. पाहुण्याने ‘पुरे’ म्हटले की खरोखरच पुरे समजावे. घरातली सारी माणसे एका पंक्तीला बसून तेच अन्न समाधानाने जेवावीत, आणि पुढच्या महोत्सवालाही सर्वांनी सुदृढपणे यावे, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.