साधी गाडी कोणासाठी साधी?

(करमाड येथे बचत गटांच्या बैठकीत केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



आजचा विषय ऐकून काही जणी हसल्या. "ताई, आमच्या घरात सायकल नाही अन् तुम्ही मोटारीतल्या एअरबॅगवर बोलणार?" बोलणार आहे. कारण हा विषय मी शहरातून आणलेला नाही. तो आपल्याच गटातल्या एका मावशींनी आणला आहे.

मावशींनी चाळिशीत लायसन काढलं. रोज पहाटे त्या आपल्या जुन्या व्हॅनमधून इथल्या बायकांना शेंद्र्याच्या एमआयडीसीत सोडतात. पासिंगपेक्षा जास्त माणसं बसतात, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. व्हॅन आता थकली. नवी, स्वस्तातली स्वस्त गाडी घ्यायला त्यांना गटाकडून कर्ज हवं आहे. दुकानात किंमत ऐकून त्या म्हणाल्या, "यातले हे फुगे-बिगे काढा अन् पैसे कमी करा की." विकणारा पोरगा हसला. मला त्याचा राग आला. मावशींचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

हे फुगे फुकट आलेले नाहीत. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेनं भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटरनं आदळून पाहिल्या. त्यात अल्टो 800 होती, नॅनोही होती. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. त्यानंतर आपल्याकडे नियम आले. धडक-चाचणी सक्तीची झाली. 2019 मध्ये चालकाची एअरबॅग, एबीएस ब्रेक, पट्टा न लावल्यास वाजणारी सूचना आणि मागे घेताना वाजणारा सेन्सर आला. शेजारच्या सीटची एअरबॅग यायला 2021 उजाडलं. म्हणजे मधली दोन वर्षं चालकाचा जीव कायद्यानं मोलाचा होता, शेजारी बसणारीचा नव्हता. आपल्याकडे चालक बहुतेक कोण असतो आणि शेजारी मांडीवर मूल घेऊन कोण बसतं, हे मी सांगायला नको.

सहा एअरबॅगांची सक्ती ऑक्टोबर 2022 पासून होणार होती. ती वर्षभर पुढं ढकलली आणि 2023 मध्ये मंत्र्यांनीच सांगितलं की सक्ती करणार नाही. छोटी गाडी महागेल, गरीब माणूस मोटारसायकलवरच राहील, असं मारुतीच्या अध्यक्षांचं म्हणणं होतं. मंत्री त्याआधी सांगत होते की एका एअरबॅगला हजाराच्या आतच खर्च येतो. या दोघांच्या भांडणात मी कारखानदारांच्या बाजूची नाही. पण मावशी जेव्हा तेच म्हणतात, तेव्हा मला ऐकावं लागतं.

त्या म्हणाल्या, "ताई, गाडी मिळाली नाही तर ह्या पोरी कशानं जातील? कुणाच्या तरी मोटारसायकलवर तिघी." 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली. त्यांतली सुमारे 44 टक्के दुचाकीवरची होती. मोटारीतली 12 टक्क्यांच्या आसपास. नॅनो आली तीही याच कारणानं. स्कूटरवर चौघांचं कुटुंब पाहून ती सुचली, असं रतन टाटा सांगत. दुचाकीवर मागं बसणारीसाठी कायद्यात काय आहे? धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि लुगडं चाकात जाऊ नये म्हणून निम्म्या चाकाला जाळी. तीही किती तरी जण काढून टाकतात, गाडी बरी दिसत नाही म्हणून.

मधला रस्ता आपल्याच जिल्ह्यात निघाला होता. वाळूजला बजाजनं क्यूट नावाची चार चाकांची गाडी बनवली. इंजिन 216 सीसीचं, वेग ताशी 70 च्या आत. कोर्टकचेऱ्या होऊन ती 2019 मध्ये महाराष्ट्रात अडीच लाखांच्या आसपास विकायला आली. ती कायद्यानं मोटार नव्हे, 'क्वाड्रिसायकल'. म्हणून मोटारीचे एअरबॅगचे नियम तिला लागू नाहीत. युरोपातल्या चाचणीत 2016 मध्ये तिला एक तारा मिळाला. मोटारसायकलपेक्षा डोक्यावर छप्पर बरं, हे मला पटतं. पण तिला घेऊन जालना रोडवर ट्रकांच्या मधून कुणी जावं असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या समोरच्या धडकेच्या सक्तीच्या चाचणीत पुढच्या दोन्ही सीटवर मध्यम बांध्याच्या पुरुषाचे पुतळे असतात, सुमारे 78 किलोचे. अमेरिकेतल्या 2011 च्या अभ्यासात पट्टा लावलेल्या बाईला गंभीर इजा होण्याचा संभव तशाच पुरुषापेक्षा 47 टक्के जास्त निघाला. सरासरी बाईच्या बांध्याचा पुतळा स्वीडनच्या अॅस्ट्रिड लिंडर यांनी 2022 मध्ये तयार केला, तोवर लहान चणीच्या बाईचा म्हणून पुरुषाचाच पुतळा आक्रसून वापरत. आपल्या मावशी पाच फूटही नाहीत. स्टिअरिंगला छाती टेकेल इतक्या पुढं सरकून बसतात.

मग काढायचं काय? पडदा काढा, अॅल्युमिनियमची चाकं काढा, बटणावर चालणाऱ्या काचा काढा. हाताने फिरवायची काच आपल्याला चालेल. फुगा काढायचा नाही. आणि पट्ट्याशिवाय फुग्याचा भरवसा नाही. मागच्या सीटवर पट्टा न लावता बसलेले सायरस मिस्त्री 2022 मध्ये पालघरला गेले, ते महागड्या गाडीत.

मावशींचा अर्ज पुढच्या बैठकीत येईल. माझ्या मनात दोन अटी आहेत: प्रत्येक सीटला पट्टा आणि पासिंगपेक्षा एकही बाई जास्त नाही. मावशी म्हणतात, तसं केलं तर हप्ता निघणार नाही, भाडं वाढवावं लागेल. ते भाडं शेंद्र्याला जाणाऱ्या आपल्याच बायका देणार. त्यांना विचारल्याशिवाय मी ठराव मांडणार नाही. त्यांतल्या सहा जणी इथे मागं बसल्या आहेत. आता त्यांनी पुढं यावं आणि बोलावं.