मोटारीची टाकी आणि गोदी कामगाराचा हात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या बोटीचा स्फोट झाला. कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटके एकाच बोटीत भरलेली होती. आग विझवावयास गेलेले ६६ अग्निशामक प्राणास मुकले. धोक्याचा माल कशाशेजारी ठेवू नये, हा धडा मुंबईच्या कामगाराला पुस्तकातून शिकावा लागलेला नाही.

धोक्याचा माल म्हटला की स्फोटके आणि आम्ले डोळ्यांपुढे येतात. मोटार येत नाही. वस्तुतः टाकीतील इंधन आणि बॅटरी यांमुळे सागरी वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संहितेने मोटारीची गणना धोकादायक मालाच्या नवव्या वर्गात केली आहे. सुट्या इंजिनाचा वर्ग त्यातील इंधनावरून ठरतो. मोटार कंटेनरमधून पाठवावयाची तर टाकी पावापेक्षा अधिक भरलेली असू नये आणि बॅटरीत शॉर्ट सर्किट होणार नाही अशी तजवीज करावी लागते. परंतु मोटारी चालवत आत नेता येतील अशा खास जागा असलेल्या जहाजांत, गळतीची चिन्हे नसल्यास, संहितेच्या बंधनांतून सूट मिळते. नेमके याच सवलतीपाशी थांबून विचार केला पाहिजे.

४ जून २०२० रोजी अमेरिकेतील जॅक्सनव्हिल बंदरात ‘होएग शियामेन’ हे जहाज पेटले. त्यात २,४२० जुन्या मोटारी होत्या. एका मोटारीची बॅटरी नीट सोडवलेली नव्हती; ठिणगी तेथे पडली. माल भरून झाल्यावर आगीची सूचना देणारी यंत्रणा तत्काळ सुरू केलेली नव्हती. नऊ अग्निशामक जखमी झाले.

अशा वेळी ‘कामगाराची हलगर्जी’ हे उत्तर तयारच असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने मात्र २०२१ साली वेगळा निष्कर्ष काढला. जहाज भाड्याने घेणाऱ्या आणि माल चढविणाऱ्या कंपन्यांची देखरेख निष्प्रभ होती, हे त्याने मूळ कारण ठरविले. जुन्या मोटारींना मिळणारी सूट काढून टाकावी, अशी शिफारसही त्याने केली. त्यानंतर ५ जुलै २०२३ रोजी न्यूआर्क बंदरातील ‘ग्रांदे कोस्टा दाव्होरिओ’ या जहाजाच्या आगीत दोन अग्निशामक मरण पावले. जुन्या मोटारी ढकलण्यास जुंपलेली साधी प्रवासी गाडी तेथे पेटली होती. त्याच महिन्यात नेदरलंड्सच्या किनाऱ्याजवळ ‘फ्रीमँटल हायवे’ पेटले. त्याच्या २३ खलाशांपैकी २१ भारतीय होते. एक भारतीय खलाशी परतला नाही.

नियम वाढले की भाडे वाढते आणि व्यापार अडतो, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच खोटा नाही. प्रत्येक बॅटरी सोडविण्यास आणि तिची टोके झाकण्यास वेळ लागतो. त्या वेळाला पैसे पडतात. पण ते वाचविले म्हणजे खर्च टळत नाही. तो मालकाच्या हिशेबातून निघून खलाशाच्या आणि अग्निशामकाच्या माथी जातो. मालकाच्या नुकसानीला विमा असतो. गेलेला माणूस विम्याने परत येत नाही.

म्हणून संघटनेच्या मागण्या साध्या असाव्यात. नियम कामगाराच्या भाषेत गोदीवर लावावेत. बॅटरी सोडविण्याचा वेळ पाळीच्या मोजमापात धरावा. आणि गळकी मोटार चढविण्यास नकार देणाऱ्याची मजुरी कापली जाऊ नये. संहिता कागदावर कितीही निर्दोष असली, तरी तिची अखेरची ओळ कामगाराचा हात लिहीत असतो. त्या हाताला पुरेसा वेळ आणि नकाराचा अधिकार मिळाला पाहिजे.